किती किलोवर थांबायचं?

लठ्ठपणाची शस्त्रक्रिया ठरली की घरात पहिला प्रश्न पैशांचा निघतो आणि दुसरा आकड्याचा. "डॉक्टर किती किलो उतरवून देणार?" बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरात हे आत्या विचारते, कारेलीबागेतल्या फ्लॅटमध्ये नणंद विचारते. ऑपरेशन जिचं व्हायचंय ती बाई उत्तरादाखल आपलं लग्नातलं वजन सांगते, ५२ किंवा ५५. तोच आकडा मनात धरून ती भूल घेते आणि दीड वर्षानं पंचवीस-सव्वीस किलो कमी होऊनही हिरमुसलेली असते.

लग्नाच्या अल्बमवरून किंवा भिंतीवरच्या तक्त्यावरून ठरवलेलं लक्ष्य बहुतेकदा फसतं. ते आजच्या वजनावरून, होणाऱ्या शस्त्रक्रियेवरून आणि ज्या आजारासाठी ती करायची त्या आजारावरून काढावं लागतं. तेही ऑपरेशनच्या आधी, आपल्या सर्जनसमोर आणि आहारतज्ज्ञासमोर बसून.

तक्त्यातला आकडा आला कुठून

उंची-वजनाच्या तक्त्याला आपण डॉक्टरी सत्य मानतो, पण त्याचं मूळ विम्याच्या कचेरीत आहे. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीनं १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या विमाधारकांच्या नोंदी चाळल्या आणि कुठल्या उंचीची, कुठल्या वजनाची माणसं जास्त जगतात याचे तक्ते छापले. १९५९ आणि १९८३ मध्ये ते सुधारून पुन्हा काढले. १९८३ च्या तक्त्यात पायात एक इंच टाचेचे बूट आणि अंगावर कपडे गृहीत धरले होते. कपड्यांचं वजन पुरुषांना पाच पौंड, बायकांना तीन. हाडापेरानं बारीक, मध्यम आणि भक्कम असे तीन रकानेही होते.

वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रिया रुळू लागल्या तेव्हा यश मोजायला सर्जन मंडळींना काहीतरी माप हवं होतं, त्यांनी हाच तक्ता उचलला. मध्यम बांध्याचं वजन 'आदर्श' धरायचं, त्याच्यावरचं सगळं 'जादा', आणि जादा वजनातलं किती टक्के गेलं ते मोजायचं. निम्मं गेलं तर ऑपरेशन यशस्वी. पुढं तक्ता मागं पडला आणि 'आदर्श' म्हणून बीएमआय २५ चं वजन धरायची पद्धत पडली. हिशेबाची रीत मात्र तीच राहिली. आजही फाइलमध्ये 'एक्सेस वेट लॉस' असं लिहिलेलं दिसतं, ते हेच.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा. हे सूत्र बेल्जियमच्या अडोल्फ केतले यांचं, १८३० च्या दशकातलं. बॉडी मास इंडेक्स हे नाव अँसल कीज यांनी १९७२ मध्ये रूढ केलं. केतले यांना समाजातला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. ऑपरेशननंतर कुणी किती किलोवर थांबावं हे आपल्या सूत्रावरून ठरवतील, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

विम्याचा हात अजूनही या आकड्यांवरून सुटलेला नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित अटींप्रमाणे लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मागायला बीएमआय किमान ४० लागतो, किंवा ३५ आणि त्यासोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार, आटोक्यात न येणारा मधुमेह अशांपैकी काहीतरी. वैद्यकीय संघटना यापेक्षा बऱ्याच खाली आल्या आहेत. दोन मोठ्या संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई लोकांना २७.५ पासूनच हा पर्याय देता येईल असं म्हटलं. ऑपरेशन योग्य आहे का आणि त्याचे पैसे मिळतील का, या दोन प्रश्नांची उत्तरं त्यामुळं वेगवेगळी येऊ शकतात. ज्यांना क्लेम करायचाय त्यांनी पहिल्या भेटीतलं वजन आणि उंची सहीशिक्क्यानिशी फाइलला लावून घ्यावी.

आपली रेघ आणखी खाली

भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा, असं २००९ मध्ये देशातल्या तज्ज्ञांच्या एकमतानं ठरलं. पाश्चात्त्यांमध्ये हेच आकडे २५ आणि ३० आहेत. आपल्याला ही कडक पट्टी का, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. अंगानं बेताचा, पण आत चरबी साठवून बसलेला असा आपला भारतीय बांधा. त्यामुळं मधुमेह आपल्याला कमी वजनावरच गाठतो.

इथं एक घोटाळा होतो. २३ ची रेघ इशाऱ्याची आहे. निरोगी माणूस ती ओलांडू लागला की त्यानं सावध व्हावं, साखर तपासावी, कंबर मोजावी, यासाठी ती आखली. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी, हेही २००९ च्या त्याच तज्ज्ञांनी सांगितलं. शंभर किलोच्या माणसानं ऑपरेशन करून याच रेघेच्या आत यावं, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. नेटवर बीएमआय काढून बघणारा माणूस मात्र हिरव्या पट्ट्याकडं बोट दाखवतो आणि म्हणतो, "मला इथं यायचंय." रेघ जितकी खाली, तितकं लक्ष्य लांब आणि पुढची निराशा मोठी. हे आपल्याकडं गोऱ्यांपेक्षा जास्त घडतं, कारण आपला हिरवा पट्टाच अरुंद आहे.

गणित मांडून बघू

समजा, बाईची उंची १५५ सेंटीमीटर आणि वजन १०४ किलो. बीएमआय ४३. भारतीय पट्टीनं २३ चा बीएमआय म्हणजे तिला ५५ किलोवर यायला हवं, म्हणजे ४९ किलो उतरवायला हवेत. २५ चा धरला तर ६० किलो.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात, उरते केळ्याच्या आकाराची नळी. बायपासमध्ये जठराची एक छोटी पिशवी वेगळी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. पहिल्या दीड-दोन वर्षांत स्लीव्हनं सुरुवातीच्या वजनाच्या साधारण २५ टक्के आणि बायपासनं ३० टक्क्यांच्या आसपास घट होते, असं ढोबळमानानं धरतात. १०४ चे २५ टक्के म्हणजे २६ किलो. बाई ७८ वर येईल. बायपासनं ७३ वर.

७८ किलोला तिचा बीएमआय ३२.५ होतो. तक्ता म्हणेल, अजून लठ्ठच. सर्जन म्हणेल, ४४ किलो जादा होतं, त्यातलं ५९ टक्के गेलं, ऑपरेशन उत्तम झालं. नणंद म्हणेल, एवढे पैसे घालून ७८ च? तिघं एकाच काट्याकडं बघताहेत. बाईनं ऑपरेशनच्या आधी हे गणित स्वतःच्या हातानं कागदावर मांडलं असेल तर नणंदेला काय सांगायचं ते तिला ठाऊक असतं.

आता याच उंचीची दुसरी बाई घ्या, वजन ८४, बीएमआय ३५. तिचेही २५ टक्के गेले, म्हणजे २१ किलो. ती ६३ वर आली, जादा वजनातलं ८८ टक्के गेलं. पहिलीपेक्षा पाच किलो कमी उतरवूनही कागदावर तिचा निकाल किती तरी उजळ दिसतो. जादा वजनाच्या टक्केवारीचा दोष इथंच आहे, कमी वजनाच्या रुग्णाला ती शाबासकी देते आणि जास्त वजनाच्या रुग्णाला नापास करते. म्हणून अलीकडं एकूण वजनातली घट मोजण्याकडं कल आहे, २० टक्क्यांहून जास्त घट झाली तर चांगला प्रतिसाद मानतात. कुठल्याही केंद्रात "आमच्याकडे ८० टक्के वजन उतरतं" असं ऐकलंत तर विचारा, कशाच्या ८० टक्के? १०४ चे ८० टक्के गेले तर उरतील २१ किलो.

सुरुवातीचं वजन कुठलं धरायचं, हेही आधी ठरवा. ऑपरेशनच्या आधी यकृत आकसावं म्हणून एक-दोन आठवडे कमी उष्मांकाचा, बराचसा द्रव आहार देतात आणि त्यातच काही किलो जातात. कुणी पहिल्या भेटीचं वजन धरतं, कुणी टेबलावर घेतलं त्या सकाळचं. पद्धत कुठलीही चालेल, फक्त मध्येच बदलू नये.

दहा वर्षांनी काय उरतं

वजन सगळ्यात खाली जातं ते साधारण बारा ते अठरा महिन्यांत. ऑपरेशननंतरचे हसरे फोटो त्याच काळातले असतात. लक्ष्य ठरवताना त्यापुढची वर्षं विचारात घ्यायला हवीत, आणि ती बऱ्याच ठिकाणी कुणी स्वतःहून सांगत नाही.

स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्या दोन हजारांवर लोकांचा पाठपुरावा केला. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरलं, दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपासची समोरासमोर तुलना झाली, तिथं दहा वर्षांनी जादा वजनातली घट स्लीव्हला ४३.५ टक्के आणि बायपासला ५०.७ टक्के निघाली. आपल्या १०४ किलोच्या बाईला हे आकडे लावले तर दहाव्या वर्षी ती ७८ ते ८५ च्या मध्ये कुठंतरी असेल. स्वीडनच्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्या गटात मृत्यूंचं प्रमाण न झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होतं. ८२ किलोवर राहून बाई जास्त जगत असेल, तर ५५ चा हट्ट कुणासाठी?

सगळ्यांना ठाऊक असलेलं एक मराठी उदाहरण सांगतो. नितीन गडकरी यांच्यावर २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया झाल्याच्या बातम्या त्या वेळी सगळीकडं छापून आल्या होत्या. २०२२ मध्ये उज्जैनच्या सभेत त्यांनी तिथल्या खासदारांना वजन उतरवायचं जाहीर आव्हान दिलं, दर किलोमागं विकासकामांना हजार कोटी रुपये. त्याच भाषणात आपलं वजन पूर्वी १३५ होतं, आता ९३ आहे, असं सांगितलं. ४२ किलो म्हणजे ३१ टक्के. त्यात शस्त्रक्रियेचा वाटा किती आणि नंतरच्या शिस्तीचा किती, हे बाहेरून सांगता येणार नाही. पण अकरा वर्षांनी ३१ टक्के टिकलेले असणं हा फार चांगला निकाल आहे. आणि ९३ हा आकडा बहुतेक तक्त्यांच्या हिरव्या पट्ट्यात बसत नाही, हेही लक्षात घ्या.

चार आकडे लिहा

१९९७ मध्ये अमेरिकेत फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन कमी करायला आलेल्या ६० बायकांना चार आकडे विचारले. स्वप्नातलं वजन कुठलं, कुठल्या वजनाला आनंद होईल, कुठलं चालवून घ्याल आणि कुठल्या वजनाला निराश व्हाल. हा अभ्यास आहार-व्यायामाचा होता, शस्त्रक्रियेचा नव्हे. बायकांना सरासरी ३२ टक्के वजन घटवायचं होतं. सतरा किलो गेले तरी निराशाच, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात वर्षभरात सरासरी सोळा किलो गेले, आणि जवळपास निम्म्या बायका 'निराशेच्या' वजनापर्यंतही पोचल्या नाहीत. आहार-व्यायामानं सोळा किलो उतरवणं ही मोठी कामगिरी, पण ती बायकांना अपयश वाटली.

ऑपरेशनच्या आधी हे चार आकडे कागदावर लिहून सर्जनला दाखवा. स्वप्नाचा आकडा खोडायची गरज नाही, स्वप्न बघायला कुणाची हरकत असणार? मात्र 'चालवून घेईन' हा आकडा वरच्या गणिताच्या आत बसतो का, ते बघा. १०४ किलोच्या बाईनं 'चालेल' च्या जागी ६२ लिहिलं असेल, तर तारीख ठरवायच्या आधी आणखी एकदा बोलणं झालं पाहिजे. माझ्या मते हा कागद रक्ताच्या तपासण्यांइतकाच गरजेचा आहे. तो लिहून घ्यायला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढीही बऱ्याच ठिकाणी मिळत नाहीत.

आजाराचं लक्ष्य वेगळं असतं

काहींना वजनापेक्षा मधुमेह छळत असतो. पुण्याच्या डॉ. शशांक शहा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १५ भारतीय मधुमेही रुग्णांवर केलेल्या बायपासचा निकाल प्रसिद्ध केला. त्यांचे बीएमआय २२ ते ३५ च्या दरम्यान, म्हणजे पाहणाऱ्याला लठ्ठ न वाटणारी माणसंही त्यात होती. तीन महिन्यांत सगळ्यांची मधुमेहाची औषधं सुटली. गट लहान होता आणि पाठपुरावा काही महिन्यांचाच, त्यामुळं त्यावरून सगळ्यांना आश्वासन देता येत नाही. पण अशा रुग्णाचं लक्ष्य किलोत सांगणंच चुकीचं, त्याचं लक्ष्य एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा आणि सुटलेलं इन्सुलिन. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिन जितकं जास्त वर्षांचं, तितकी तो पूर्ण मागं हटण्याची शक्यता कमी, हेही आधी ऐकून घ्यावं.

गुडघ्यांचा हिशेब निराळा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, जिना किंवा उतार सोडा, साध्या चालण्यातसुद्धा, अंगावरचं एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो असं दिसलं. म्हणजे दहा किलो गेले की गुडघ्याचा चाळीस किलोंचा बोजा उतरला. गुडघ्यासाठी ऑपरेशन करणाऱ्याला तक्त्यातल्या वजनापर्यंत जायची गरज नसते. रात्री घोरताना श्वास अडकणाऱ्यांचंही तसंच, वजन आणखी उतरायचं असतानाच झोप सुधारू लागते. झोपताना लावायचं श्वासाचं मशीन बंद करायचं का, ते मात्र झोपेची तपासणी पुन्हा करून ठरतं.

बडोद्यातली उद्दिष्टं

आहारतज्ज्ञाला सांगायला किलोंशिवाय दुसरंही काहीतरी हवं. बडोद्यातल्या माणसाला ते शोधायला लांब जावं लागत नाही. कामाटीबागेला न थांबता एक फेरी. पावागडला माचीवरून रोपवे न घेता पायऱ्यांनी वर जाणं. नवरात्रात खुर्चीवरून टाळ्या न वाजवता गरब्यात एक तास. गणपतीच्या आरतीला मांडी घालून बसता येणं आणि कुणाचा हात न धरता उठता येणं, हे शेवटचं तर अनेक जण तक्त्यातल्या आकड्याच्या आधी मागतात. असं लक्ष्य तारखेसह लिहिता येतं आणि ते गाठलं की नाही यावर वाद होत नाही.

खाण्याचा अडसरही इथलाच आहे. स्लीव्हनंतर पोळी अडकते, भात बसतो, पण शेव, गाठिया, फाफडा चावून चावून लगदा झाला की सरसर खाली जातो. नव्या पोटाला तो अडवता येत नाही आणि पोटही भरत नाही. रविवारी सकाळी फाफडा-जिलबी, संध्याकाळी सेव-उसळ आणि मधल्या वेळात वाटीभर चिवडा, असं थोडं थोडं खाणाऱ्याचं पोट लहान राहतं आणि वजन वर येतं. मराठी घरात त्यात उपासाची साबुदाणा खिचडी येते. गुजरातेतली दारूबंदी ही एकच गोष्ट बडोदेकराच्या बाजूची. बायपासनंतर दारू फार लवकर आणि फार जोरात चढते, म्हणून परमिटवाल्यांनी आपलं पिणं ऑपरेशनच्या आधीच सर्जनला सांगावं.

प्रथिनं हा शाकाहारी घरातला खरा पेच. दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात. वाटीभर शिजलेल्या डाळीतून मिळतात सहा-सात. शंभर ग्रॅम पनीर घातलं तर अठरा. जठर चार-पाच घासांत भरतं, म्हणून प्रथिनं आधी खायची आणि पोळी-भात मागून, नाहीतर पावडर घ्यायची. हे केलं नाही तर उतरलेल्या किलोंमध्ये चरबीबरोबर स्नायूही जातात. याज्ञिकांनी दाखवलेला भारतीय बांधा आठवा, आपल्याकडं मुळात स्नायू कमी. काट्यावर ६८ दिसताहेत आणि जिना चढवत नाही, असं वजन कुठल्या कामाचं? दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर असलेल्या गावात तरी हे फार समजावून सांगावं लागू नये. आठवड्यातून दोन-तीनदा ओझी उचलण्याचा व्यायाम, तो सर्जननं परवानगी दिल्यावर.

काटा अडकतो तेव्हा

उतरणारं वजन एका रेषेत उतरत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा अडकतो आणि घरात रडारड होते. मग तो सुटतो, परत अडकतो. रोज वजन करणाऱ्याला यातलं प्रत्येक वळण दिसतं आणि छळतं. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी पोट साफ झाल्यावर, तेवढ्याच कपड्यांत केलं तर पुरतं. महिन्यातून एकदा कंबर मोजा, काटा अडकलेल्या महिन्यातसुद्धा ती बऱ्याचदा कमी झालेली असते.

अठरा महिन्यांनी लक्ष्य पुन्हा ठरवायचं. तोवर शरीरानं आपली पातळी धरलेली असते. त्यानंतर दोन-चार किलो वर येणं बहुतेकांच्या नशिबी असतं, त्याचा बाऊ करू नये. उतरलेल्या वजनापैकी ३० टक्क्यांहून जास्त परत आलं तर ते तपासायचं. २६ किलो उतरवलेल्या बाईला हा उंबरठा आठ किलोंचा. ७८ वरून ८६ वर पोचायच्या आत सर्जनकडं जावं. फाइलमध्ये 'लक्ष्य ७८' एवढंच लिहून थांबू नये, '७५ ते ८२, ८६ ला फोन' असं लिहावं. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोव्ही भारतात आल्यापासून अशा रुग्णांसाठी डॉक्टरांच्या हाती इंजेक्शनचाही पर्याय आहे. ती मात्र मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू करायची वस्तू नाही.

मूल हवं असलेल्या बायकांनी लक्ष्याच्या कागदावर आणखी एक तारीख लिहावी. वजन झपाट्यानं उतरत असताना गर्भ राहू देऊ नये, साधारण बारा ते अठरा महिने थांबतात. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि इतकी वर्षं न राहिलेला गर्भ अचानक राहतो, म्हणून संततिनियमनाचं बोलणं ऑपरेशनच्या आधीच उरकावं.

खालची मर्यादा

जास्त उतरलं तर काय, हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी कुणी विचारत नाही. सहा महिन्यांनी मात्र तो न बोलावता येतो. "अगं किती वाळलीस! चेहरा बघ कसा ओढलाय!" हळदीकुंकवाला चार बायका एकदम म्हणतात, आणि बाई घरी येऊन शिरा करते. चेहऱ्यावरची चरबी लवकर जाते आणि कातडी तेवढ्या वेगानं आकसत नाही, त्यामुळं ७८ किलोची बाईसुद्धा आजारी दिसू शकते. पोटावर, दंडांवर लोंबणारी कातडीही काही किलोंची असते, काट्यावर ती चरबीबरोबरच मोजली जाते. ती काढायची असेल तर वजन काही महिने एका जागी स्थिर झाल्यावर, प्लास्टिक सर्जनकडं.

फार उतरलंय का, हे रक्ताच्या तपासणीवरून ठरतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि अल्ब्युमिन हे पहिल्या वर्षी दर तीन-सहा महिन्यांनी आणि पुढं दरवर्षी, आयुष्यभर बघायचं. गोळ्या-कॅल्शियमही आयुष्यभर, वजन कितीही सुंदर बसलं तरी. केस गळणं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बऱ्याच जणांना होतं आणि पुढं थांबतं. पण पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, सतत उलट्या किंवा पावलांवर सूज यांपैकी काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नये. सततच्या उलट्यांत बी१ जीवनसत्त्व काही आठवड्यांत संपतं आणि त्याचा फटका मज्जातंतूंना बसतो. त्याच दिवशी इस्पितळ गाठावं आणि तिथल्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगावं की वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन झालंय, कुठलं झालंय आणि केव्हा.